तोंडी कामावरून काढलेल्या कंत्राटी कामगाराने कोणत्या दाराशी आधी जावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला धाकटा भाऊ चाकण औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सहा वर्षे एकाच पॅकिंग लाइनवर काम करीत होता. या काळात एकामागून एक तीन कंत्राटदार झाले, पण काम, यंत्र आणि हुकूम सोडणारा सुपरवायझर तेच राहिले. दोन महिन्यांचा पगार थकल्याबद्दल त्याने विचारणा केली, तेव्हा 'उद्यापासून येऊ नको' असे त्याला तोंडी सांगण्यात आले, आणि त्याआधी दोन कोऱ्या कागदांवर त्याच्या सह्याही घेण्यात आल्या होत्या. आता कोणी पोलीस ठाण्यात जा म्हणतो, कोणी ऑनलाइन तक्रार कर म्हणतो, तर कोणी थेट कोर्टात 'यूएलपी' (अनुचित कामगार प्रथेविरुद्धची तक्रार) टाक म्हणतो. यांपैकी काय करावे, आणि कामगार कार्यालयात मालक आलाच नाही तर पुढे काय, असे आपण विचारले आहे. मी गेली सव्वीस वर्षे कामगारांच्या वतीने कामगार न्यायालयांत उभा राहतो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो, आणि सुरुवातीलाच सांगतो की या प्रकरणात तक्रार कोणत्या कार्यालयात जाते यापेक्षा पहिल्या पंधरा दिवसांत कोणते कागद तयार होतात, याला अधिक महत्त्व आहे.

तोंडी काढलेल्या कामगाराच्या प्रकरणात मालकाचा बचाव जवळजवळ ठरलेला असतो. 'आम्ही याला काढलेच नाही, हाच न सांगता यायचा बंद झाला' असे कैफियतीत, म्हणजे मालकाच्या लेखी उत्तरात, लिहिले जाते, आणि काढल्याचा एकही कागद नसल्यामुळे कामगाराची बाजू तेथेच लंगडी पडते. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे आपण काम सोडलेले नाही, कामावर यायला आजही तयार आहोत, हे लेखी आणि लगेच कळवणे. भावाने पुढील दोन-तीन दिवस नेहमीच्या पाळीच्या वेळी प्रवेशद्वाराशी जावे, आत सोडले नाही तर तारीख, वेळ आणि अडवणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवावे, आणि त्याच दिवशी कंत्राटदार व मूळ कंपनी या दोघांनाही पत्र पाठवावे. पत्र लांबलचक नसावे. 'मी आपल्या कारखान्यात अमुक विभागात अमुक तारखेपासून सलग काम करीत आहे. अमुक तारखेस माझ्या थकलेल्या पगाराची विचारणा केल्यानंतर अमुक यांनी मला कामावर येऊ नको असे तोंडी सांगितले. त्यानंतर मी अमुक तारखांना पाळीच्या वेळी हजर राहिलो, परंतु मला आत घेण्यात आले नाही. मी काम सोडलेले नाही. मला पूर्ववत कामावर घ्यावे आणि थकलेला पगार द्यावा.' एवढा मजकूर पुरे आहे. त्यात शिवीगाळीचे वर्णन किंवा 'कोर्टात खेचीन' अशी धमकी घालू नये, कारण तीन वर्षांनी हेच पत्र न्यायाधीशांसमोर वाचले जाणार असते.

२०२५ साली नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे पत्र स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवावे आणि पावती, लखोट्यावरचा पत्ता व पत्राची प्रत एकत्र जपून ठेवावी. पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आले तर तो लखोटा उघडू नये. बंद लखोटा हाच पुरावा असतो, आणि उत्सुकतेपोटी तो फोडून टाकणारे पक्षकार मला दरवर्षी भेटतात. हाच मजकूर सुपरवायझरच्या आणि मनुष्यबळ विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवावा. तो फोन मात्र विकू नये, बदलू नये आणि त्यातील संभाषण पुसू नये.

कोऱ्या कागदांवरील सह्यांचा उल्लेख याच पत्रात वेगळ्या परिच्छेदात करावा. त्या कधी घेतल्या, कोणी घेतल्या, काय सांगून घेतल्या आणि तेथे आणखी कोण होते, हे त्यात लिहावे. हे कागद पुढे बहुधा राजीनामा किंवा 'हिशेब पूर्ण मिळाला' अशा पावतीचे रूप घेऊन बाहेर येतात. तसा कागद न्यायालयात दाखल होण्याच्या कितीतरी आधी आपण त्याची तक्रार केलेली असेल तर त्या पावतीचा जोर बराच ओसरतो. नंतर केलेली तक्रार बचावासाठी रचलेली वाटते. पोलीस ठाण्यात या सह्यांबाबत अर्ज देऊन पोच घेण्यास हरकत नाही. पगार आणि नोकरी मिळवून देणे मात्र पोलिसांचे काम नाही, आणि त्यांच्या दारी हेलपाटे घालण्यात मोलाचे महिने जातात.

दुसरा प्रश्न पुराव्याचा आहे. सेवा संपण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन दिल्याखेरीज कामगाराला कमी करता येत नाही. हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होता आणि त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. परंतु २४० दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे, आणि नुसत्या शपथपत्राने तो पेलला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. पुढे २००५ साली याच न्यायालयाने असेही सांगितले की कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून मालकाकडील हजेरीपट व पगारपत्रके मागवावीत. म्हणून कोणते कागद मालकाच्या ताब्यात आहेत याची यादी आजच करून ठेवावी.

आपल्या भावाच्या हाती मात्र एक भक्कम पुरावा बहुधा आधीच आहे आणि त्याला त्याची कल्पना नसावी. तो म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. यूएएन, म्हणजे कामगाराचा निधीतील कायमचा क्रमांक, एकच राहतो, आस्थापनेचे नाव मात्र कंत्राटदाराबरोबर बदलते. त्यामुळे सहा वर्षांची महिनावार भरणी आणि तीन वेगवेगळे कंत्राटदार हे सारे एकाच यूएएनखाली दिसते. कंत्राटदार आले आणि गेले, माणूस त्याच लाइनवर राहिला, ही गोष्ट याहून चांगल्या रीतीने सांगणारा कागद मी पाहिलेला नाही. पासबुक आजच उतरवून घ्यावे, कारण फोन नंबर बदलला की ओटीपीचे झंझट मागे लागते. त्याच्या जोडीला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कार्ड, पगार जमा झालेल्या बँक खात्याचे उतारे, प्रवेशपत्र, कारखान्याच्या बसचा पास, सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि ज्या ग्रुपवर सुपरवायझर रोजची पाळी टाकत असे त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे संभाषण हे सर्व गोळा करावे. कामावर देखरेख कोणाची होती, रजा कोण मंजूर करीत असे आणि चूक झाली तर जाब कोण विचारीत असे, यांवरून खरा मालक ठरतो. सुपरवायझर कंपनीचा होता की कंत्राटदाराचा, हे त्यातील सर्वांत वजनदार टोक आहे.

आता दारांकडे वळू. बहुतेक कामगार पगार, नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, जादा कामाचे पैसे आणि शिवीगाळ हे सगळे एकाच अर्जात कोंबतात आणि तो अर्ज सगळीकडे पाठवतात. 'आपले सरकार' किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर असा अर्ज टाकल्याने एखादे कार्यालय हलते, नाही असे नाही. पण तो अर्ज म्हणजे समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवू पाहणाऱ्या शासकीय अधिकाऱ्यापुढे) केलेली मागणी नव्हे, त्यामुळे कायद्याने लागू केलेली मुदत त्याने सुरू होत नाही. मागण्या वेगळ्या कराव्यात, कारण प्रत्येकीचा अधिकारी वेगळा, मुदत वेगळी आणि सिद्ध करण्याची गोष्टही वेगळी असते.

थकलेल्या पगाराची मागणी सर्वांत सोपी आहे, आणि ती आधी करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागतो, आणि कामावरून कमी केले असो वा राजीनामा घेतला असो, संपूर्ण हिशेब दोन कामकाजी दिवसांत चुकता करावा लागतो. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. पूर्वी पगारासाठी बारा महिने आणि किमान वेतनातील फरकासाठी अवघे सहा महिने मिळत, त्या मानाने ही मोठीच सोय झाली आहे. किमान वेतनही जाता जाता तपासून पाहावे, कारण महाराष्ट्रात त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो आणि अनेक कंत्राटदार जुन्याच आकड्यावर अडून बसलेले असतात. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या व्यवस्थेतही ती कायम आहे. म्हणजे या दाव्यात भाऊ कोणाचा कामगार आहे हा अवघड वाद सोडवावाच लागत नाही. अर्जात मात्र 'मूळ कंपनी हीच माझी खरी मालक आहे हे माझे म्हणणे अबाधित ठेवून' असे एक वाक्य न विसरता घालावे. ते नसेल तर याच अर्जाचा आधार घेऊन पुढे 'तुम्हीच कंत्राटदाराला मालक मानले होते' असे उलटतपासणीत विचारले जाते.

भविष्यनिर्वाह निधीची भरणी अपुरी असेल तर ती तक्रार थेट कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर करावी. कामगार आयुक्तांकडे तिचे काही होत नाही.

नोकरीची मागणी ही खरी लढाई आहे, आणि येथेच 'यूएलपी टाका' हा सल्ला घातक ठरू शकतो. अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम हा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे. औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत तो नाही. तो चांगला कायदा आहे, कारण कामगाराला कोणाच्याही परवानगीशिवाय थेट न्यायालयात जाता येते, अंतरिम आदेश मागता येतो, आणि कायम कामगारांच्या बडतर्फीत आम्ही तो कायम वापरतो. त्याची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून लोक घाई करतात. परंतु मालक-कामगार हे नातेच वादात असेल, म्हणजे कंपनी 'हा आमचा माणूसच नव्हे' असे म्हणत असेल, तर या कायद्याखालील तक्रार टिकत नाही. ते नाते आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने सिद्ध करून आणावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २००३ साली महाराष्ट्रातीलच प्रकरणांत ठरवले आहे. हे निकाल येऊनही दोन दशके उलटली, तरी चूक थांबलेली नाही. माझ्याकडे एकदा एका कारखान्यातील अकरा कंत्राटी कामगार आले होते. त्यांनी आधीच्या सल्ल्यानुसार मूळ कंपनीविरुद्ध यूएलपी दाखल केली होती, साक्षीपुरावे झाले होते, आणि पाच वर्षांनी तक्रार या एकाच मुद्द्यावर फेटाळली गेली होती. पुराव्यात काहीही कमी नव्हते, दार तेवढे चुकले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची तयारी त्यांच्यापैकी चौघांचीच उरली होती.

म्हणून आपल्या भावासाठी योग्य दार समेटाचे आहे. पुणे येथील कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा. त्यात कंत्राटदार आणि मूळ कंपनी या दोघांना सामनेवाले करावे, आणि कंत्राट हे केवळ देखावा आहे, सेवासमाप्ती बेकायदेशीर आहे, तरी सेवासातत्य व मागील पगारासह कामावर घ्यावे, अशी स्पष्ट मागणी लिहावी. आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. (कारखाना खाजगी आहे म्हणून राज्याचे कार्यालय. रेल्वे, बँक, विमा, खाण किंवा मोठ्या बंदरातील काम असते, तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे किंवा त्यांच्या 'समाधान' पोर्टलवर जावे लागले असते. चुकीच्या कार्यालयात दोन-तीन महिने पडून राहिलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत.)

समेट अधिकारी न्यायाधीश नसतो, हे भावाला आधीच समजावून सांगावे. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, तडजोड सुचवतो आणि झाली तर लिहून घेतो. कोण खरे बोलतो याचा निवाडा तो देत नाही. त्यामुळे तेथे हुज्जत घालण्याऐवजी आपले लेखी म्हणणे, कागदांची यादी आणि सामनेवाल्याच्या उत्तरावरील प्रत्युत्तर नोंदीत जाईल याची काळजी घ्यावी. या टप्प्यावर वकिलाला उभे राहता येत नाही. कामगाराने स्वतः बोलावे किंवा मान्यताप्राप्त असो वा नसो, ज्या संघटनेचा तो सभासद आहे तिच्या पदाधिकाऱ्याला सोबत न्यावे. प्रत्येक तारखेला हजेरीची नोंद करून घ्यावी. मालक गैरहजर असेल तर तसा शेरा रोजनाम्यात लिहिला जावा, असा आग्रह धरावा.

मालक आलाच नाही तर काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. एकट्या कामगाराच्या सेवासमाप्तीच्या बाबतीत, समेटासाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवस झाले की त्याला थेट न्यायालयात, संहितेच्या भाषेत न्यायाधिकरणात, अर्ज करता येतो. त्यासाठी मालकाने हजर होण्याची, अधिकाऱ्याने अहवाल देण्याची किंवा शासनाने प्रकरण पाठवण्याची गरज नाही. २०१० पूर्वी तशी गरज होती, आणि फाइल मंत्रालयात अडकली की कामगार हताश होत असे. जुन्या पिढीतील कार्यकर्ते म्हणूनच आजही 'रेफरन्स होऊ द्या', म्हणजे शासनाला प्रकरण पाठवू द्या, असे सांगतात. तो सल्ला आता धरून बसू नये. एक बदल मात्र ध्यानात ठेवावा. जुन्या कायद्यात या अर्जासाठी सेवासमाप्तीपासून तीन वर्षे मिळत, संहितेत दोनच वर्षे आहेत. पेशकाराने पुढची तारीख दिली म्हणून मुदत थांबत नाही.

मध्यंतरी तडजोडीचा निरोप येईल, आणि तो बहुधा कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर येईल. तडजोड वाईट असते असे मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांची सेवा आणि हाती तुटपुंजे कागद असतील, तर चांगली रक्कम घेऊन मोकळे होण्याचा सल्ला मी स्वतः देतो, कारण न्यायालयातील वर्षे पोट भरत नाहीत. सहा वर्षांची सलग सेवा आणि यूएएनचा स्वच्छ पुरावा असताना मात्र दोन महिन्यांच्या पगारावर समाधान मानू नये. हिशेब करताना पगार, नोटिशीचा महिना, भरपाई, रजेचे पैसे, बोनस आणि ग्रॅच्युइटी हे सर्व धरावे. ग्रॅच्युइटीचे सूत्र असे आहे की शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याला २६ ने भागून १५ ने गुणावे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. उदाहरणार्थ ती रक्कम १५,६०० असेल तर वर्षाला ९,००० आणि सहा वर्षांचे ५४,००० रुपये होतात. येथेच कंत्राटदार बदलत राहण्यामागची मेख कळते. एका कंत्राटदाराकडे दोनच वर्षे झाली म्हणून तो हात वर करतो, आणि कंपनी म्हणते हा आमचा कामगार नाही. मूळ कंपनीशी नाते सिद्ध झाले तरच सहा वर्षे सलग मोजली जातात. म्हणून तडजोड करायची तर तीत कंपनीचीही सही असावी, ती समेट अधिकाऱ्यासमोर व्हावी, आणि रक्कम त्याच टेबलावर डिमांड ड्राफ्टने मिळावी. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन 'माझे काही येणे नाही' असे लिहून देणाऱ्यांची पुढे काय गत होते, ते पुन्हा येऊन मलाच सांगतात.

या काळात भावाने दुसरे काम करावे का, हे आपण विचारलेले नाही, पण प्रत्येक कुटुंबात हा प्रश्न निघतोच. अवश्य करावे. घर चालले पाहिजे, आणि तात्पुरते काम केल्याने नोकरीवरचा हक्क जात नाही. परिणाम होतो तो मागील पगारावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात असे म्हटले आहे की बेकायदेशीर सेवासमाप्तीत मागील पगार हा सर्वसाधारण नियम आहे, मात्र आपल्याला दुसरीकडे रोजगार नव्हता किंवा कमी पगाराचा होता, हे कामगाराने आधी अर्जात मांडले पाहिजे. तसे मांडल्यावर उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. म्हणून जे काम केले ते केले असेच लिहावे. दुसरीकडे भविष्यनिर्वाह निधी भरला जात असताना 'बेकार आहे' असे शपथेवर सांगितले, तर आपले सर्वांत चांगले साक्षीदार असलेले तेच पासबुक आपल्यावर उलटते, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

खर्चाबाबत आपण काळजी व्यक्त केली आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये तसा स्वतंत्र उल्लेख आहे, पण कामगारांना तो क्वचितच कोणी सांगतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून वकील मागावा किंवा १५१०० या क्रमांकावर आधी विचारणा करावी. त्यासाठी जाताना पत्राची प्रत, स्पीड पोस्टाची पावती, पासबुकाची छापील प्रत आणि समेट अर्जाची शिक्का असलेली प्रत सोबत न्यावी, म्हणजे नेमलेल्या वकिलाला पहिल्याच भेटीत काम सुरू करता येईल.